पोर पळवल्याचं पुस्तक आणि कोंडलेला पाहुणा

माझी सून पुस्तक विकत घेण्याआधी मोबाईलवर लोकांची मतं वाचते. परवा तिनं मला एका रहस्यकादंबरीवरची मतं वाचून दाखवली. लहान मूल पळवून नेल्याची गोष्ट होती. एकानं लिहिलं होतं, खिळवून ठेवते. दुसऱ्यानं, शेवट आधीच कळला. तिसऱ्याला पात्रं अजून रंगवायला हवी होती, म्हणून त्यानं पाचातले तीन तारे दिले होते. मी म्हटलं, ही काय मतं झाली? ही तर लग्नातल्या जेवणाबद्दल विचारल्यावर 'छान होतं' म्हणून हात धुण्यासारखी झाली. वाचकांची खरी मतं ऐकली ती मी, पेणला, आत्याच्या गणपतीच्या कारखान्यात. तिथं कोणी तारे देत नसे. पुस्तकातल्या माणसांना नावानिशी शिव्या देत, त्यांच्या स्वयंपाकातल्या चुका काढत, आणि एकदा तर मत इतकं पक्कं झालं की त्यापायी एका भल्या माणसाला आम्ही कोंडून घातलं. माझं लग्न त्या वेळी त्याच माणसाच्या हातात होतं.

आमचं घर रोह्याला. बाबा धाटावला कंपनीत, तीन शिफ्टमध्ये. त्यामुळे घरात बोलायची पद्धतच नव्हती. बाबांची रात्रपाळी असली की ते दिवसा झोपायचे, आणि आम्ही सगळे दिवसभर कुजबुजत जगायचो. भांडं पडलं तर आई भांड्याकडे नाही, आमच्याकडे बघायची. वालाच्या बिरड्याला फोडणीसुद्धा ती दार लोटून, झाकण हातात धरून द्यायची. बाबा उठले की चहा, भाकरी, डबा आणि कंपनीची बस. काय हवं-नको ते आईला सांगायचं, आईनं योग्य वेळ बघून बाबांना सांगायचं, आणि योग्य वेळ येईपर्यंत बहुतेक गोष्टी शिळ्या व्हायच्या. बाबा वाईट नव्हते. ते झोपलेले असायचे, एवढंच.

मी मॅट्रिक पास झाले तेव्हा मला कॉलेजात जायचं होतं. पेणला कॉलेज होतं, आत्याचं घर होतं, सगळं जमण्यासारखं होतं. हे मी आईला सांगितलं. आई योग्य वेळ शोधत राहिली, आणि तेवढ्यात नागोठण्याहून स्थळ आलं. मुलगा कंपनीत कायम, घर स्वतःचं, एकच नणंद आणि तीही दिलेली. आईच्या मते यात शोधायला काही उरलंच नव्हतं. त्यांच्याकडून पसंती आली की दिवाळीनंतर बार उडवायचा, असं ठरलं. कोणी मला काही विचारलं नाही. बघायला येण्याआधी चार दिवस पेणला राहून मला जरा वळण लागावं, असं आईला वाटलं, म्हणून माझी रवानगी आत्याकडे झाली. कॉलेजचे प्रवेश चालू होते. ते संपण्याआधी नागोठण्याहून काय येतंय, पसंती की नकार, एवढाच प्रश्न होता.

आत्या विधवा, आवाजानं दणदणीत, आणि कारखाना एकटीनं चालवायची. आषाढ लागला की तिला जेवायला फुरसत नसे. तिनं मला पहिल्या दिवशी एका गणपतीचं पीतांबर रंगवायला दिलं. ते बघून तिनं तो गणपती उचलून पार मागच्या फळीवर ठेवला, तोंड भिंतीकडे करून. दुसऱ्या दिवशी तिनं मला स्टुलावर बसवलं आणि हातात पोथी दिली. कारण असं, की बायका गप्पा मारायला लागल्या की एकमेकींच्या तोंडाकडे बघतात आणि हात थांबतात. ऐकताना मात्र नजर कामावर राहते. आत्याचा नियम एकच होता. हात चालू तर वाचन चालू. एकीचाही हात थांबला की मी पुस्तक मिटायचं.

माझा जो आवाज घरात कधी कोणी ऐकला नव्हता तो तिथं निघाला. पत्र्यावर पाऊस, घासकामाच्या पॉलिश पेपरची खसखस, शेजारच्या घरातून पोह्याचे पापड लाटायचा ठेका, आणि या सगळ्याच्या वरून माझं वाचन. मला फार आवडायला लागलं. आजही मी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचते आणि घरातले एकेक करून उठून जातात.

पोथी संपल्यावर आत्यानं लायब्ररीतून काहीतरी आण म्हणून सांगितलं. मी आणलं ते पुस्तक मुखपृष्ठ गेलेलं, नावाचा पत्ता नाही. एका डॉक्टरांचा सात वर्षांचा मुलगा जत्रेतून नाहीसा होतो, इथून ते सुरू व्हायचं. एक माणूस छत्री घेऊन घरासमोर घोटाळतो, मुलाला गोळी देऊन आत कोण कोण असतं ते विचारतो, आणि दोन दिवसांनी मूल गायब. संशयित चौघे. ड्रायव्हर, डॉक्टरांचा धाकटा भाऊ, मुलाला सांभाळणारी बाई, आणि मुलाचा मामा. या मामावर खरं तर कोणी संशय घेत नव्हतं, कारण शोधाशोध करण्यात आणि रडण्यात तोच सगळ्यांच्या पुढे होता.

पहिल्याच दिवशी कारखान्यात दोन पक्ष पडले. हिराबाई खाडीकडची, माहेर-सासर दोन्ही मिठागरात, आवाज वाऱ्यावर कमावलेला. तिनं धाकट्या भावाला धरलं. पुरावा काय, तर तिचा स्वतःचा दीर. सखू गागोद्याहून एस.टी.नं यायची, ती म्हणाली सांभाळणारी बाईच, कारण जी बाई दुसऱ्याच्या पोराला 'माझं सोनं' म्हणते तिचं काहीतरी ठरलेलं असतं. मग कळलं की सखूच्या जावेला तशी सवय होती. ज्याला त्याला आपापल्या घरातलाच चोर सापडत होता. मी नुसती वाचत होते, पण पंधरा दिवसांत मला पेण तालुक्यातली निम्मी भाऊबंदकी पाठ झाली.

लेखकाबद्दल तर कोणाचं मत बरं नव्हतं. पळवलेल्या पोराला पळवणारा चार दिवस बिस्किटं खायला घालतो, यावर हिराबाई भडकली. पोराला भात लागतो, असला कसला हा लिवणारा, यानं कधी पोर बघितलंय काय, असं तिनं विचारलं. डॉक्टरांची बायको उठसूट बेशुद्ध पडायची. त्यावर सखूनं शंका काढली की ही सारखी पडूनच असते, तर त्या घरात चूल कोण पेटवतं, ते पहिलं शोधा. आखणी करणारे दामूभाऊ, म्हणजे गणपतीचे डोळे काढणारे, हे फार कमी बोलायचे. त्यांचं मत एवढंच होतं की डॉक्टरांनी कुत्रा पाळायला हवा होता.

दामूभाऊंचं मत त्यांच्या हातात उतरायचं, हे आम्हाला उशिरा कळलं. पोर जत्रेत दिसेनासं होतं ते प्रकरण मी जीव ओतून वाचलं. नियमाप्रमाणे सगळ्यांचे हात चालू होते, उलट उत्सुकता वाढेल तसे जास्तच भराभर चालत होते. संध्याकाळी आत्या बघायला आली तर त्या दिवशी डोळे काढलेले सगळे गणपती दचकलेले. भुवया वर, बुबुळं मधोमध, नजर दाराकडे. मंगलमूर्तीचं पोर हरवल्यासारखं दिसत होतं. आत्यानं एकेक निरखून बघितला आणि दामूभाऊंना म्हणाली, की भाऊ, उद्यापासून तुम्ही कानांत कापूस घालून बसा. त्यांनी खरंच घातला, पण एकाच कानात.

असे आम्ही शेवटाशी आलो असताना तो माणूस दिसायला लागला. समोरच्या चहाच्या टपरीवर उभा राहायचा, पांढरा शर्ट, हातात काळी छत्री, आणि नजर आमच्या कारखान्यावर. पहिल्या दिवशी सखूला दिसला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना. चहा एकच घ्यायचा आणि तासभर प्यायचा. तिसऱ्या दिवशी आत्या सामान आणायला बाजारात गेली होती, आणि हिराबाईची पाच वर्षांची नात चिंगी, जी दिवसभर अंगणात मातीचे उंदीर करत बसायची, ती गाल फुगवून आत आली. गालात लिमलेटची गोळी होती. आजीनं विचारलं, कुठून आणलीस गो? चिंगी म्हणाली, छत्रीवाल्या आजोबांनी दिली. नि इचारलं, आत कोन कोन असतं, नि ती वाचनारी ताई भांडते काय म्हणून.

शेवटचं वाक्य कोणी ऐकलंच नाही. छत्री, गोळी आणि 'आत कोण कोण असतं', एवढं सगळ्यांना पुरेसं होतं. सखू माझ्याकडे वळली आणि हे कितव्या प्रकरणात होतं ते विचारलं. पहिल्याच, मी म्हणाले. हिराबाई उठली, हात पदराला पुसले, दारात गेली आणि इतक्या गोड आवाजात बोलली की मला तिची भीती वाटली. "या ना दादा, भायेर कशाला उभे? गनपती बघायचा आसंल. आत या, वाळवनाच्या खोलीत चांगले चांगले हायेत." तो आला. वाकून, छत्री मिटून, चपला काढून आला आणि कच्च्या मूर्ती सुकवायच्या त्या वाळवणाच्या खोलीत शिरला. हिराबाईनं दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

थोड्या वेळानं आतून आवाज आला, की अहो, कडी लागली वाटतं.

"लागली नाय," हिराबाई म्हणाली, "लावली."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी आजच्या मुलांना माहीत नसते. स्थळ ठरवण्याआधी आमच्याकडे मुलाकडचं एक मोठं माणूस गुपचूप चौकशीला यायचं. मुलगी पावडर लावून पोहे घेऊन येते तेव्हा सगळ्याच गुणी असतात, म्हणून तिला नकळत बघायचं, शेजारीपाजारी विचारायचं, आणि आपण कोण ते मात्र मेलं तरी सांगायचं नाही. सांगितलं की चौकशी फुकट. तेव्हा आतल्या माणसाची पंचाईत अशी होती, की सुटायचं तर नाव सांगायला हवं, आणि नाव तर सांगायचं नव्हतं. तो म्हणाला, माझं इथं खाजगी काम हाय. हिराबाई म्हणाली, असल्यांचं कामच खाजगी असतं. तो म्हणाला, मी चांगल्या घरचा मानूस हाय. सखूनं आम्हाला हळूच आठवण करून दिली की तो डॉक्टरचा भाऊपण चांगल्या घरचाच होता. मला यातलं काही कळलं नव्हतं. मीही त्याला पोरं पळवणाराच समजत होते, आणि खरं सांगायचं तर मनातून फार खूश होते, कारण रोह्यात असं कधी काही घडलं नव्हतं.

आत्या येईपर्यंत काय करायचं? पोलिसांकडे जायची हिंमत कोणाची नव्हती, आणि गणपतींची गाडी भरायची तारीख तर डोक्यावर होती. हिराबाईनं निर्णय दिला, की तो कुठं जात नाय, तू वाच. शेवटचं प्रकरण राहिलं होतं. मी स्टुलावर बसले, हात चालू झाले, मी सुरुवात केली. पान उलटलं तेव्हा दारामागून आवाज आला, जरा मोठ्यानं वाचा, इथं पत्र्याचा आवाज लय येतो.

मी आवाज चढवला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं की हा ड्रायव्हर कधीपासून कामाला होता. सखूनं मागची सगळी कथा त्याला दारातून सांगितली, पळवणाऱ्यानं पोराला कानटोपी घातली होती तेही, हात न थांबवता. तो म्हणाला, मग ड्रायव्हर नाय. जो पोराला कानटोपी घालायची आठवन ठेवतो तो घरातलाच कोनतरी. हे मत इतकं बरोबर होतं की हिराबाईलासुद्धा मान हलवावी लागली, आणि मग ती म्हणाली, तुमाला बरं ठावं. चोराच्या मनात चांदणं, असा चेहरा करून तिनं आमच्याकडे बघितलं.

आणि मी शेवटाला आले. मूल सापडतं ते मामाच्या गावी. पळवणारा मामाच. डॉक्टर पोराला कधी आजोळी पाठवत नसत, मामाला मूलबाळ नव्हतं, म्हणून त्यानंच माणूस लावून भाच्याला उचलून आणलेलं. कारखान्यात एकच हलकल्लोळ झाला. रडणारा मामा चोर निघाला, हे कोणालाच पचेना. पण सगळ्यात जास्त संताप दाराच्या आत झाला होता.

"मामाला कशाला गोवताय?" आतला माणूस दारावर थाप मारून म्हणाला. "भाच्याला आजोळी नेला तर त्याला पळवनं म्हनतात काय? मामा काय करतो भाच्यासाठी, तुमाला काय ठावं? मी स्वतः तीन दिवस झाले भाच्यापायी हितं चिखलात उभा हाय, पोरगी बघायला, नागोठण्याहून येऊन."

कारखान्यात सगळ्यांचे हात थांबले. मी नियमाप्रमाणे पुस्तक मिटलं.

आत्या नेमकी तेव्हा दारात आली, हातात रंगाचे डबे. तिला काही विचारावं लागलं नाही. तिनं कडी काढली, आणि आतून नागोठण्याचे मामा बाहेर आले, शर्टाला, केसांना, भुवयांना पांढरी भुकटी लागलेली. त्यांनी पहिलं काम म्हणजे चिंगीला शोधलं आणि तिच्याकडे असं बघितलं की चिंगीनं गालातली गोळी काढून त्यांना परत देऊ केली. हिराबाई त्यांच्या पाया पडली. मग हसायला लागली, आणि तिला ते थांबवता येईना. आत्यानं त्यांना पडवीत बसवलं, चहा टाकायला सांगितला, पोहे केले, वर पापड तळले. मी पेला घेऊन गेले. आता नकार येणार, हे मला कळत होतं. मला नकारच हवा होता, तरी तो असा यावा, मुलीकडच्यांनी मामाला कोंडलं म्हणून, याची लाज वाटत होती. आई मला जिवंत ठेवणार नाही, हेही दिसत होतं.

मामांनी पोहे संपवले. शेवट आपल्याला पटला नाही, हे त्यांनी आत्याला दोनदा सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सगळ्यांची मतं ऐकली. तुझं काय मत? वाचनारीला कोन वाटला चोर?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. मत ऐकणाऱ्यांचं, वाचणाऱ्याचं काम वाचायचं. पण प्रश्न विचारून ते खरंच थांबले होते, पेला हातात तसाच धरून, म्हणून मी बोलायला लागले. मी म्हणाले की चोर कोण याच्याशी मला काही नाही. एवढं जाड पुस्तक, सगळे त्या पोराला शोधतात, त्याच्यासाठी रडतात, भांडतात, त्याला इकडून उचलून तिकडे नेतात आणि तिकडून इकडे आणतात. पण तुला कुठं राहायचंय, असं त्याला कोणी एकदाही विचारत नाही. पळवणारा विचारत नाही आणि सोडवणारे पण नाही. शेवटी सगळे त्याला पोटाशी धरतात, आणि तो काय म्हणाला ते लेखकानं लिहिलेलंच नाही. मी बरंच बोलले. बोलता बोलता माझे डोळे भरून आले आणि मला माझाच राग आला. मामांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. दुसरा चहा आला, तो पण त्यांनी गार होऊ दिला. मग ते उठले, छत्री घेतली आणि एस.टी. पकडायला गेले.

पुढचे दिवस फार वाईट गेले. आत्यानं नवं पुस्तक आणायला बंदी केली, पुन्हा पोथी सुरू झाली, आणि बायका पोथीत पण चोर शोधायला लागल्या. मला वाचताना ओळी दिसत नव्हत्या. अंगणात कोणाच्या चपला वाजल्या की वाटायचं, रोह्याहून निरोप आला.

निरोप घेऊन बाबा स्वतः आले. रात्रपाळी करून, न झोपता, कंपनीच्या कपड्यांवरच. त्यांना कारखान्याच्या दारात बघून मी स्टुलावरून उठले. आत्यानं बसायला सांगितलं, ते बसले नाहीत. नागोठण्याचा नकार आला, म्हणाले. मी मान खाली घातली. त्यांना शिव्या द्यायच्या असतील तर त्या सगळ्यांसमोर देऊ नयेत, एवढंच मला वाटत होतं.

"कोंडला म्हनून नाय," बाबा म्हणाले. "ते हसत होते त्याच्यावर. ते मामा आमच्याकडे आले, चांगले दोन तास बसले. मला बोलले, पोरगी सोन्यासारखी हाय, पन आमच्या घरात तिचं ऐकून घेनारं कोन नाय, म्हनून नको." बाबांनी टोपी काढून हातात घेतली. डोळे लाल झाले होते, जागरणानं असतील. "चार दिवस मी तेच घोकतोय. असला कसला नकार? तुझी आय म्हनते निमित्त हाय. मी म्हनतो, बरं, त्यांच्या घरात नाय. आपल्या घरात तरी हाय काय गो कोन?"

हिराबाई एक हात गणपतीच्या सोंडेवर ठेवून माझ्याकडे बघत होती. बाबांच्या तोंडावर मी जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यांच्यासमोर मी मोठ्यानं सुद्धा कधी बोलले नव्हते.

"नाय," मी म्हणाले.

बाबांनी मान हलवली. मग खाली, भुकटीनं पांढऱ्या झालेल्या जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मग सांग. आज मी झोपत नाय."

मी कॉलेजपासून सुरुवात केली.